वामनराव भेकरांचे विजेवरचे बाण

एका जंगलात, बाळांनो, तुळशीच्या लग्नाला आतषबाजी करायची चाल होती.

आता तुळशीचं लग्न म्हणजे खरं तर घरगुती कार्य. अंगणात ऊस उभा करायचा, आंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, चिरमुरे वाटायचे आणि दिवाळीतले उरलेसुरले भुईनळे उडवून गप झोपायचं. पण त्या जंगलाला राजा होता. आणि राजा असला की घरगुती असं काही राहत नाही.

राजेसाहेब वाघ होते. त्यांना आतषबाजीचा भारी शौक. दरवर्षी ते एका घरी तुळशीच्या लग्नाला जात. कुणाच्या घरी जायचं ते चिठ्ठी टाकून ठरे. ज्याची चिठ्ठी निघे, त्या घराला यंदाचा मान मिळाला, असं म्हणत. आतषबाजी रंगली, तर राजेसाहेब फराळाचा समाचार घेत. नाही रंगली, तर यजमानांचा.

तुम्ही म्हणाल, मग प्राणी हा मान नाकारत का नव्हते? वेडे आहात. मान कुणी नाकारतं का? 'यंदा राजेसाहेब आमच्याकडे' असं पाणवठ्यावर सांगताना ऊर कसा भरून येतो, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. मागच्या वर्षी हा मान रानडुकराकडे होता. त्याच्या वाती सादळल्या होत्या. रानडुकराचं घर हल्ली रिकामं असतं, पण दारावर 'राजेसाहेबांचे पाय लागलेले घर' अशी पाटी आहे.

यंदा चिठ्ठी निघाली वामनराव भेकरांची.

भेकर म्हणजे हरणातलं लहानखुरं हरीण. अंगानं नाजूक, पायानं चपळ आणि मनानं कमालीचं भित्रं. त्यातून भेकराची एक खोड तुम्हाला ठाऊक असेल. ते घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. आपल्याला घाबरल्यावर घाम फुटतो, तो पुसता तरी येतो. भुंकणं कसं पुसणार? वामनराव तर चांगले सुशिक्षित, पण पत्नीनं मागून हाक मारली तरी एकदा भुंकूनच 'काय गं' म्हणत.

अशा प्राण्यानं उदबत्ती घेऊन बाणाच्या वातीजवळ जायचं म्हणजे काय, याचा विचार करा. वामनरावांनी आठवडाभर सराव केला. उदबत्ती धरायची, वाकायचं, वात दिसली की भुंकायचं आणि उदबत्ती टाकून पळत सुटायचं. दर वेळी हेच झालं. एकदा तर बाटलीत बाण नव्हताच, नुसतीच बाटली होती.

"अहो, असं कसं चालेल?" पत्नी इंदुमती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला तुम्ही हवे आहात. मान नको."

"हळू बोल," वामनराव म्हणाले. "कुणी ऐकलं तर म्हणतील, भेकरांना मानाची किंमत नाही."

पण रात्रभर त्यांना झोप लागली नाही. आणि सकाळी ते कोल्ह्याच्या दुकानातून एक खोकं घेऊन आले.

"इलेक्ट्रिक इग्नायटर," ते म्हणाले आणि मग, नुसत्या त्या नावानंच छाती धडधडल्यामुळे, एकदा भुंकले.

इग्नायटर म्हणजे काय ते सांगतो, नीट ऐका. मधे बोलू नका. वायरीच्या एका टोकाला एक चिमटा असतो. तो बाणाच्या वातीला लावायचा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला पिन असते. ती एका लाल पेटीत खोचायची. पेटीवर प्रत्येक पिनेचा एक हिरवा दिवा आणि एक बटण. दिवा लागला की समजायचं, जोडणी पक्की झाली. मग लांब, अगदी लांब, हवं तर झाडामागे उभं राहायचं आणि बटण दाबायचं. तिकडे चिमट्यात ठिणगी पडते आणि बाण सुटतो. उदबत्ती नाही, वाकणं नाही, पळणं नाही. भित्र्या प्राण्यांसाठी याहून चांगला शोध लागलेला नाही.

दुपारभर खपून वामनरावांनी सगळी जोडणी केली. बाण, भुईनळे, भुईचक्रं, शेवटी मोठी माळ. सगळे चिमटे वातींना, सगळ्या पिना पेटीत. पेटी चालू केली आणि ओळीनं सगळे हिरवे दिवे लागले.

वामनराव त्या दिव्यांकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून काहीतरी पहिल्या झटक्यात जमलं होतं. त्यांनी इंदुमतीला बोलावलं आणि दोघं कितीतरी वेळ नुसते दिवे बघत उभे होते. तिनं त्यांच्या मानेवरून गाल फिरवला. वामनराव भुंकले नाहीत. इतका आनंद झाला होता.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण नवी वस्तू घरात आली आहे आणि तिची पूजा झालेली नाही, असं कधी झालंय?

"हळदकुंकू तरी लावूया," इंदुमती म्हणाली. "मिक्सर आणला तेव्हा लावलं होतं. सायकल आणली तेव्हा लावलं होतं. ह्यानंच काय घोडं मारलंय?"

तेवढ्यात तुळशीचं लग्न लावायला शास्त्रीबुवा आले. शास्त्रीबुवा म्हणजे करकोचा. उंच, गंभीर, एका पायावर उभं राहून विचार करणारे. त्यांनी लाल पेटी बघितली, मान तिरकी केली आणि चोच टकटकवली.

"हे यंत्र आहे," ते म्हणाले. "यंत्राला नुसतं हळदकुंकू पुरत नाही. स्नान लागतं. पंचामृताचं."

"सगळ्या पेटीला?" वामनरावांनी पेटी मागे ओढली.

"छे. मुखाला. देवाला मुखाशी नैवेद्य दाखवतात, पाठीशी नाही." शास्त्रीबुवांनी एक पिन चोचीत धरून उपसली. "हे मुख."

तुळशीच्या लग्नासाठी पंचामृत तयारच होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. तूप इंदुमतीनं सढळ हातानं घातलं होतं. शास्त्रीबुवांनी एकेक पिन उपसली, वाटीत बुडवली, मंत्र म्हटला आणि पुन्हा होती तिथं खोचली. एकही पिन सोडली नाही. शास्त्रीबुवा कामाला चोख होते, उगाच नावं कशाला ठेवा.

मग लग्न लागलं. अक्षता पडल्या. सूर्य बुडाला आणि राजेसाहेब आले.

वाघ आल्यावर अंगण लहान वाटायला लागतं. राजेसाहेब पाटावर बसले. त्यांनी फराळाच्या ताटाकडे एकदा बघितलं, वामनरावांकडे एकदा बघितलं आणि दोन्हीकडे सारख्याच प्रेमानं हसले.

"आम्ही सकाळपासून उपाशी आहोत," ते म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

वामनराव झाडामागे गेले. पेटी चालू केली. एकही दिवा लागला नाही.

त्यांनी पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. खुरानं हळूच ठोकून पाहिलं. पेटी ढिम्म. बटण दाबून पाहिलं, तेही ढिम्म. आणि मग झाडामागून जो भुंकण्याचा आवाज आला, तो ऐकून पाहुणे मंडळींना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"बिघाड आहे का?" असं म्हणत बंडोपंत वानर झाडावरून खाली उतरले.

बंडोपंतांना तुम्ही ओळखता. तुमच्याही आळीत एक असतो. कुठे काही बिघडलं की तो न बोलावता येतो. 'काय झालं' असं विचारतो आणि आपण सांगायला लागलो की ऐकत नाही. त्यांच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर होता आणि तो ते कानामागे खोचून ठेवत.

"बॅटरी," बंडोपंत म्हणाले.

नवी बॅटरी घातली. दिवे लागले नाहीत.

"मग वायर."

वायरी इकडच्या तिकडे केल्या. दिवे लागले नाहीत.

"मग तुमच्या घराची जागाच जरा खोलगट आहे," बंडोपंत म्हणाले. "वीज चढाला येत नाही."

तिकडे राजेसाहेबांनी जांभई दिली. वाघाच्या जांभईत सगळे दात दिसतात. इंदुमती पदर तोंडाला लावून तुळशीकडे बघत होती. वामनरावांनी तिच्याकडे बघितलं. उद्या सकाळी ही तुळशीला पाणी एकटीच घालणार, असं त्यांच्या मनात आलं आणि ते मनातल्या मनात भुंकले. मनातल्या मनातसुद्धा ते भुंकतच.

आता एक गंमत सांगतो. वायरमन लोकांना एक सवय असते. दोन्ही हात कामात असले की हातातली वस्तू ते तोंडात धरतात. बंडोपंतांनी एक पिन उपसली, पटकन तोंडात धरली आणि दोन्ही हातांनी वायरीची गाठ सोडवायला लागले. गाठ सोडवता सोडवता त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. डोळे मिटले. गाठ सुटली तरी पिन तोंडातच होती. बऱ्याच वेळानं त्यांनी ती बाहेर काढली आणि पेटीत खोचली.

हिरवा दिवा लागला.

"बघा," बंडोपंत म्हणाले. "गाठ होती."

वामनरावांना आनंदानं रडू फुटलं. "बंडोपंत, बाकीच्याही सोडवा."

"थांबा," शास्त्रीबुवा म्हणाले. ते दोन ढांगांत तिथं पोचले होते. "दिवा का लागला, ते मला ठाऊक आहे. स्नानाचं फळ आहे ते. थोडं उशिरा मिळालं एवढंच. आता कृतज्ञतेचं स्नान घालायला हवं. नाहीतर यंत्र रुसतं."

आणि त्यांनी ती पिन उपसून वाटीत बुडवली आणि परत खोचली. दिवा गेला.

"रुसलं," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी म्हटलंच होतं. उशीर केलात."

मग काय झालं म्हणता? तेच झालं. पुन्हा बंडोपंतांनी पिन तोंडात धरून गाठ शोधली, पुन्हा दिवा लागला, पुन्हा कृतज्ञता झाली, पुन्हा दिवा गेला. बंडोपंतांना तर आता गाठीच सापडेनाशा झाल्या, म्हणून ते स्वतः गाठी मारून सोडवत होते. पंचामृताची वाटी संपली, इंदुमतीनं दुसरी आणली. पाहुण्यांत पैजा लागायला लागल्या. एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आतषबाजी नसली तरी दिव्यांचा कार्यक्रम छान आहे.

राजेसाहेबांना मात्र तो छान वाटत नव्हता. ते आता पाटावरून उठून वामनरावांच्या जरा जवळ येऊन बसले होते.

वामनरावांनी दुकानाच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडे पोपट होता.

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे," पोपट म्हणाला. "यंत्र बंद करून पुन्हा चालू करा."

"केलं."

"पुन्हा करा."

"अहो, केलं. दिवा लागतो आणि जातो. इथं माझ्या जिवाशी गाठ आहे."

"गाठ असल्यास सोडवा," पोपट म्हणाला. त्यालाही ऐकून घ्यायची सवय नव्हती. "यंत्रावर पाणी, चहा किंवा सरबत सांडलं आहे का?"

"छे छे. तसलं काही नाही. फक्त पंचामृत."

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला.

"पंचामृताबद्दल आम्हाला काही शिकवलेलं नाही," पोपट म्हणाला. "आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार."

फोन बंद झाला. वामनराव तसेच उभे राहिले. पाणी, चहा, सरबत. आणि पंचामृत. त्यांनी समोर बघितलं. बंडोपंतांच्या तोंडात पिन होती आणि ते ती लहान मुलासारखी चोखत होते. चोखून झाल्यावर पिन चकचकीत निघाली. पेटीत गेली, दिवा लागला. शास्त्रीबुवांनी ती काढली, बुडवली. तुपाचा ओघळ पिनेवरून खाली आला. पेटीत गेली, दिवा गेला.

बाळांनो, वामनरावांना कळलं. वायर नव्हे, बॅटरी नव्हे, गाठ नव्हे. पिनेला तूप लागलं होतं. पुसून टाकलं की झालं. सगळं रामायण एका फडक्यानं संपण्यासारखं होतं.

वामनरावांनी तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

कारण राजेसाहेब धार्मिक होते. एकादशीला ते मोठी शिकार करत नसत, दिवसभर नुसत्या सशांवर राहत. गेल्या वर्षी एक टिटवी सगळ्यांसमोर म्हणाली होती की, नैवेद्याच्या दुधाला वास येतोय. दुधाला वास खरंच येत होता. त्या टिटवीचं एक पीस राजवाड्यात लेखणी म्हणून वापरतात. आता राजेसाहेबांसमोर, तुळशीसमोर, शास्त्रीबुवांसमोर उभं राहून कुणी म्हणायचं की, पंचामृतानं बिघाड झाला? आतषबाजी बिघडली म्हणून खाल्ले जाणारे निदान मानाचे यजमान म्हणून तरी लक्षात राहतात. हे म्हटलं तर पाखंडी म्हणून खाल्ले गेले असते, शिवाय दारावर पाटीही लागली नसती.

"वामनराव," राजेसाहेब अगदी कानाशी म्हणाले, "आम्हाला आता फार भूक लागली आहे."

"भॉक," वामनराव म्हणाले.

पाहुणे दोन पावलं मागे सरकले. राजासमोर कुणी असं आजवर बोललेलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. वामनरावांना त्या क्षणी तरी बुद्धी नव्हती, नुसती भीती होती. पण भीतीला कधी कधी बुद्धीपेक्षा लवकर सुचतं.

"चुकलं, राजेसाहेब," ते म्हणाले. "आमचं फार चुकलं. एवढं यंत्राला स्नान घातलं, त्या स्नानाचं तीर्थ झालं, आणि तीर्थाचा पहिला मान कुणाचा?"

पाहुण्यांनी शास्त्रीबुवांकडे बघितलं.

"पहिला मान राजेसाहेबांचा," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आणि तो आम्ही दिलाच नाही. बंडोपंत वानर मघापासून एकेक पिन चाखतायत. मग यंत्र रुसणार नाही तर काय?"

बंडोपंतांनी तोंडातली पिन हळूच काढून पाठीमागे लपवली.

राजेसाहेबांच्या मिशा ताठ झाल्या. "आमचा मान? वानरानं?"

"मी वायर बघत होतो," बंडोपंत म्हणाले आणि झाडाच्या शेंड्यावर जाऊन पुढचं बोलले.

"पण तीर्थ पळीनं देतात," शास्त्रीबुवांनी चोच घातली. "आणि ते माझ्या हातून. पिन चाटून घ्यायची, असा कुठे आधार नाही."

वामनराव त्यांच्याकडे वळले. त्यांना शास्त्रीबुवांची मनापासून भीती वाटत होती आणि म्हणूनच त्यांनी फार नम्रपणे नमस्कार केला.

"शास्त्रीबुवा, दुसरा मान तुमचाच. पिनांचं तीर्थ राजेसाहेबांचं. पेटीतल्या भोकांमधलं तुमचं. तिथवर आमच्यापैकी कुणाचं तोंडही पोचत नाही. तुमचीच चोच त्या योग्यतेची."

शास्त्रीबुवांनी एका पायावर उभं राहून विचार केला. "आधार निघतो," ते म्हणाले.

मग जे झालं, ते त्या जंगलानं आधी कधी पाहिलं नव्हतं. राजेसाहेब पाटावर बसले. इंदुमती एकेक पिन पुढे धरत होती आणि राजेसाहेब डोळे मिटून ती चाटत होते. वाघाची जीभ केवढी खरखरीत असते, माहीत आहे ना? हाडावरचं मांस ती सोलून काढते. तिच्यापुढे तुपाची काय कथा. पिना अशा लखलखीत झाल्या, की दुकानातही तशा नव्हत्या.

इकडे शास्त्रीबुवांनी पेटीच्या भोकात चोच घातली. पेटी चालूच होती. त्यांच्या चोचीतून एक झिणझिणी निघाली ती शेपटीपर्यंत गेली. शास्त्रीबुवा जन्मभर एका पायावर उभे राहत आले होते. त्या दिवशी त्यांनी दोन्ही उचलले.

"जागृत आहे," जमिनीवर बसल्या बसल्या ते म्हणाले. "यंत्र जागृत आहे." आणि मानाचा प्रश्न असल्यामुळे पुढच्या भोकात चोच घातली.

वामनरावांनी पिना पेटीत खोचायला सुरुवात केली. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. मग ओळीनं सगळे. इंदुमती रडत होती आणि हसत होती आणि तिच्या हातातली वाटी तिनं कुणाचं लक्ष नाही असं बघून तुळशीच्या बुंध्याशी ओतून टाकली. ती काही वेडी नव्हती. तिलाही कळलं होतं.

"बटण दाबायचा मानही राजेसाहेबांचाच," वामनराव म्हणाले. आता त्यांना चटक लागली होती.

पण वाघाचा पंजा आणि पेटीवरची बटणं यांचा काही हिशेब जमत नव्हता. राजेसाहेबांनी एक बटण दाबायला पंजा ठेवला आणि सगळीच दाबली गेली.

काय सांगू. सगळे बाण एकदम सुटले. भुईनळे एकदम फुलले, त्यांच्यामधून भुईचक्रं गरगरत पाहुण्यांच्या पायांत शिरली, पाहुणे नाचायला लागले, माळ तडतडायला लागली आणि एक बाण आडवा होऊन बंडोपंतांच्या शेपटीशेजारून असा काही गेला की, तेही वरच्या वर एक गिरकी घेऊन आले. आभाळ हिरवं झालं, लाल झालं, पुन्हा हिरवं झालं. सशांनी कान डोळ्यांवर ओढून घेतले आणि कानांच्या फटीतून बघत राहिले. मोरांना वाटलं, आपला अपमान झाला. म्हातारं कासव आयुष्यात पहिल्यांदा मान पूर्ण बाहेर काढून उभं होतं. वामनराव तर इतके भुंकत होते, इतके भुंकत होते, की शेवटी राजेसाहेबही हसत हसत त्यांच्यासारखे भुंकले आणि राजा भुंकल्यावर सगळं जंगल भुंकलं. घाबरून नाही. मजेनं.

आतषबाजी संपली तेव्हा राजेसाहेबांनी फराळाचं ताट चाटूनपुसून साफ केलं. वामनरावांच्या पाठीवर पंजा ठेवला.

"आजवर अनेकांनी आम्हाला आतषबाजी दाखवली," ते म्हणाले. "पण आमच्या जिभेनं आतषबाजी झाली, असं कधी झालं नव्हतं. आम्हाला स्वतःबद्दल इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. यापुढे जंगलातल्या प्रत्येक यंत्राला पंचामृताचं स्नान घालावं आणि राजेसाहेबांनी तीर्थ घेतल्यावरच ते चालू करावं. वामनराव भेकरांना 'राजयंत्री' ही पदवी मिळाली. राजेसाहेब जिथं जिथं तीर्थ घ्यायला जात, तिथं वामनरावांनी पेटी धरून बरोबर जायचं. पंखे बंद पडले, पंप बंद पडले, सगळ्यांनी तक्रार करायची ती राजयंत्र्याकडे. वामनराव राजेसाहेबांना घेऊन जात, राजेसाहेब चाटत, यंत्र चालू होई आणि सगळे जयजयकार करत. बंडोपंतांनी 'पिन शुद्धीकरण' या विषयाचे वर्ग काढले. शास्त्रीबुवांना अधूनमधून झिणझिणी घेतल्याशिवाय करमेनासं झालं.

आणि मग पुढचं तुळशीचं लग्न आलं. चिठ्ठी निघाली वेणूताई सांबरांची.

वेणूताई थोराड, गोलमटोल आणि सरळ स्वभावाच्या. विधवा बाई, पण कामाला वाघ. त्यांनी वामनरावांच्यासारखेच इग्नायटर आणले, नीट जोडले, आणि घाईगडबडीत दवंडीतलं पंचामृत त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. राजेसाहेब अंगणात आले तेव्हा सगळे हिरवे दिवे आधीच लागलेले होते.

"बसा, राजेसाहेब," वेणूताई उत्साहानं म्हणाल्या. "सगळं तयार आहे. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही."

राजेसाहेब बसले नाहीत. ते लागलेल्या दिव्यांकडे बघत उभे राहिले. तोंडातली जीभ त्यांनी एकदा बाहेर काढली आणि करण्यासारखं काही नसल्यामुळे परत आत घेतली. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी फराळाच्या ताटाकडे एकदा बघितलं आणि वेणूताईंकडे एकदा बघितलं. वेणूताईंकडे जरा जास्त वेळ बघितलं.

वामनराव बाजूलाच उभे होते. ती नजर त्यांनी जवळून पाहिलेली होती. वेणूताई बिचाऱ्या हसत होत्या आणि बटणावर खूर ठेवून राजेसाहेबांच्या इशाऱ्याची वाट बघत होत्या. वामनरावांच्या घशाशी भुंकणं आलं. पिनेला तूप लागलं की काय होतं, हे खरं कळलेले त्या अंगणात ते एकटेच होते.

त्यांनी तुळशीपुढची पंचामृताची वाटी उचलली. तूप भरपूर आहे ना, ते वाकून पाहिलं.

"वेणूताई, जरा बाजूला व्हा," राजयंत्री वामनराव म्हणाले. "तुमचं यंत्र अजून बिघडलेलं नाही. आधी ते बिघडवूया."

तात्पर्य : बिघाड कशानं झाला हे कळलं, तर ते मुळीच सांगू नये. दुरुस्तीचा मान मोठ्यांना द्यावा. आणि मोठ्यांच्या समोर एखादी गोष्ट पहिल्या झटक्यात नीट चालली, तर वेळीच सावध होऊन ती आपल्या हातानं बिघडवावी. असं करणारे जीव दीर्घायुषी होतात, त्यांना पदव्या मिळतात आणि जंगलात काहीही नीट चालत नसलं तरी सगळं सुरळीत चाललेलं असतं.